एका नावाची दोन माणसं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. चौकशीच्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी गेटवरच्या कंप्युटरमधला माझा प्रोग्रॅम बदलला. आणि दोन-तीन तासांनी त्याच कंप्युटरसमोर उभं राहून, तो पहिल्यापासून बरोबरच होता असं सगळ्यांना वाटू दिलं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी ठाण्यात राहायचो, पंचविशीही उलटली नव्हती. वेब पेज बनवता येणारी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे डोक्यात हवा होती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम मला मिळालं. त्यांच्या गेटवर पितळी बिल्ल्यांचे दोन बोर्ड होते. कामगार आत येताना ‘बाहेर’च्या बोर्डावरून आपल्या नंबरचा बिल्ला काढायचा आणि ‘आत’च्या बोर्डावर, आपल्याच नंबरच्या खिळ्याला अडकवायचा. जाताना उलट. आत कोण आहे ते वॉचमनला नुसत्या नजरेनं कळायचं.

मॅनेजर म्हणाले, “बाहेरचे पाहुणे येणार आहेत कंपनी बघायला. त्यांना काय खिळे दाखवायचे? स्क्रीनवर नावं दिसू देत. माणसं आहेत आपली, नंबर नकोत.”

मला ते वाक्य आवडलेलं.

जावास्क्रिप्टमध्ये अशी यादी ठेवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे साधा ऑब्जेक्ट. भरपूर खणांचं कपाट समजा. प्रत्येक खणावर एक लेबल, लेबल सांगितलं की तोच खण उघडतो, शोधाशोध नाही. मी लेबल म्हणून नाव घेतलं: नाव, वडिलांचं आद्याक्षर, आडनाव. माणूस आत आला की वॉचमनने त्याच्या नावापुढच्या ‘आत’वर क्लिक करायचं, त्या नावाच्या खणात वेळ लिहिली जायची. बाहेर पडला की ‘बाहेर’वर क्लिक, खण रद्द. किती खण भरलेत त्याचा आकडा वर मोठ्या अक्षरात. एका रविवारात झालं.

त्या कपाटाची एक खोड मला तेव्हाही ठाऊक होती. एकाच लेबलखाली दुसरी वस्तू ठेवली तर ते तक्रार करत नाही. पहिली निमूट नाहीशी होते. ना घंटा, ना लाल अक्षरं.

वॉचमन पन्नाशीचे, कल्याणला कोळसेवाडीत राहणारे. रजिस्टरमधलं त्यांचं अक्षर शाळामास्तरासारखं. पहिल्याच दिवशी त्यांनी यादीवर बोट ठेवलं.

“साहेब, ही बघा दोन नावं. ड्रायरवरचे चुलत भाऊ आहेत, शीळफाट्याकडच्या गावातले. आजा वारला तसं दोन्ही लेकांनी आपापल्या पोराला त्याचंच नाव ठेवलं.”

“वडिलांचं अक्षर वेगळं असेल की.”

“तेही एकच. वडिलांची नावंच तशी.”

त्या दोघांतला थोरला तिथेच बिल्ला अडकवत होता. तो हसला. “साएब, आमचा काय, येक आला म्हंजे दोगं आले समजा.”

“गप रे,” वॉचमन म्हणाले. “एक काम करतो नि दुसरा तंबाखू मळतो. कुठला कुठला ते मला अजून समजलेलं नाही, कंप्युटरला काय समजणार?”

आम्ही तिघंही हसलो. “बघतो,” मी म्हणालो.

बघितलं नाही. पाहुणे दोन दिवसांवर आले होते. पाहुणे आले, स्क्रीनसमोर फोटो काढून गेले, बिल्ल्यांचे बोर्ड स्टोअरमध्ये गेले. पुढच्या आठवड्यात वॉचमनचा फोन आला. “साहेब, हे कधीकधी एक माणूस कमी दाखवतंय.” मी म्हणालो, “कुणीतरी क्लिक न करता आत गेला असेल. जरा नीट लक्ष ठेवा ना काका.” काका म्हणालो ते आठवतं. गोड बोलून गप्प करायची ती माझी पद्धत होती.

मार्चमधली दुपार होती. त्या दिवशी थोरला भाऊ सकाळी सातला आला, धाकटा नऊला. सातला एक खण भरला. नऊला धाकट्याची वेळ त्याच खणात, थोरल्याच्या वेळेवर लिहिली गेली. तीनला थोरल्याची पाळी संपली. वॉचमननी त्याचं नाव काढलं आणि खणच गेला. तीन वाजल्यापासून धाकटा, माझ्या प्रोग्रॅमच्या लेखी, कारखान्यात नव्हताच. तो ड्रायरच्या शेडमध्ये होता.

चारच्या सुमाराला तिथला एक पाइप सुटला आणि रसायनाची वाफ पसरली. सायरन वाजला, सगळे पळत गेटपाशी जमले. नियम असा की जो दिसेल त्याचं नाव वॉचमननी काढत जायचं. जे नाव उरेल तो आत अडकलेला. कुणीच उरलं नाही. आकडा शून्यावर आला. वॉचमन बाहेर येऊन ओरडले, “सगळे बाहेर! सगळे बाहेर!” बंबवाले पाणी मारत शेडच्या बाहेरच थांबले. आत जायचं कारणच नव्हतं.

एका फिटरने धाकट्याचं नाव घेऊन विचारलं होतं, तो दिसत नाही कुठे. दोघा-तिघांनी नाव ऐकून सांगितलं, “अरे तो तीनलाच गेला.” ते खोटं बोलत नव्हते. फिटर तरी ऐकेना, तोंडाला ओला टॉवेल बांधून घुसला. वीसेक मिनिटं झाली होती. धाकटा अडकून बसलेल्या दरवाज्याच्या मागे पडलेला सापडला. जिवंत होता.

मला संध्याकाळी फोनवर कळलं. “उद्या अकराला चौकशी आहे, तुम्ही या,” मॅनेजर म्हणाले. मी आठलाच पोचलो. केबिनमध्ये दुसराच वॉचमन होता, तो चहाला गेला. मी कोड उघडला. शोधावं लागलंच नाही. फ्लॉपी सोबत आणली होती. नावाच्या जागी बिल्ल्याचा नंबर लेबल म्हणून घातला, आणि खण आधीच भरलेला असेल तर सूचना देणारी एक ओळ. जुनी फाइल पुसली. दहा मिनिटांचं काम होतं, ते ‘बघतो’ म्हणालो त्या दिवशीही दहा मिनिटांचंच होतं.

अकराला मॅनेजर, दोन अधिकारी, युनियनचा एक माणूस आणि वॉचमन. मॅनेजर म्हणाले, “करून दाखवा.” मी दोन्ही भावांच्या नावांवर क्लिक केलं. दोन ओळी आल्या. एक काढली, दुसरी राहिली. आकडा एक.

“म्हणजे मशीन बरोबर आहे,” एक अधिकारी म्हणाले. “या वॉचमनने गडबडीत दोन्ही नावं काढली.”

वॉचमन स्क्रीनकडे वाकून बघत होते. मग माझ्याकडे बघितलं.

“काल असं नव्हतं, साहेब.”

“काल काल काय करतोस?” मॅनेजर चिडले. “कंप्युटर काय रोज वेगळं वागतो?”

“यांना विचारा,” वॉचमन म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “प्रोग्रॅम तर बरोबर चालतोय.” शब्दशः खरं होतं ते. मी निवडून घेतलेलं खरं. महिनाअखेरीला वॉचमनना कामावरून काढून टाकलं.

हॉस्पिटलात मी एकदाच गेलो, ऑफिसातल्या लोकांबरोबर, मागे उभा राहून. धाकट्याच्या छातीचा कायमचा भाता झालेला, दोन शब्दांमध्ये थांबावं लागायचं. तो म्हणाला, “मना आयकू येत व्हता. सगले भायेर, सगले भायेर. मी दरवाजा वाजवत व्हतो.” मग हसायचा प्रयत्न केला. “मी म्हटला, मी कोन मंग?”

ते वाक्य गेलं नाही. मी चालताबोलता असतो, वेळेवर जेवतो, आणि मध्येच कुठेतरी पत्र्यावर थाप पडते. लग्नात अक्षता वाटताना कुणी कुणाला नावाने हाक मारतं, दोघं वळून बघतात, सगळे हसतात. मला तिथे थांबता येत नाही.

काही वर्षांनी वॉचमन मला खोपटला एसटी डेपोजवळ दिसले, सायकल स्टँडवर, स्टुलावर बसलेले. त्यांनीच ओळखलं. “बरं आहे ना साहेब?”

“बरं आहे.”

“आता बरोबर मोजतं ना ते?”

मी हो म्हणालो. ते मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळले. रागाने नाही. हिशेब लागला होता त्यांचा. त्यात मी कुठे बसतो ते त्यांना त्या सकाळपासूनच माहीत होतं.

आता मी घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात पोरापोरींचा कोड तपासतो. लेबलावरून शोधायच्या यादीसाठी साधा ऑब्जेक्ट दिसला की परत पाठवतो. Map, म्हणजे अशा यादीसाठीच बनवलेलं नवं कपाट, वापरा म्हणतो. कारण सांगतो ते खरंच आहे: साध्या ऑब्जेक्टमध्ये तुम्ही न ठेवलेले काही खण जन्मापासूनच असतात, भलतं लेबल विचारलं तर रिकामं कपाटही ‘आहे’ म्हणतं. “सर, तुम्हाला ऑब्जेक्टने चावलंय का हो?” एक मुलगी म्हणाली. सगळे हसले. मी पण.

पण Mapमुळेही तो दरवाज्यामागचा माणूस यादीत राहिला नसता. तेही एका लेबलला एकच वस्तू ठेवतं, तितक्याच निमूटपणे. चुकलं होतं ते लेबल. पितळी बिल्ल्याला जे कळत होतं ते मी खिळ्यावरून काढून टाकलं, आणि ज्याने मला दोनदा सांगितलं त्याच्यावरच दोष ढकलला. मुलांना मी अर्धंच कारण सांगत आलोय.

मॅनेजर वारले. कारखाना बंद झाला. धाकटा अजून त्याच गावात आहे, दारात खुर्ची टाकून बसतो, असं कळतं. वॉचमनकाका हयात आहेत का, मी विचारलेलं नाही. कोळसेवाडीतली त्यांची चाळ मला ठाऊक आहे.

धाकट्याला आणि काकांना, किंवा त्यांच्या घरच्यांना, समोर उभं राहून एवढंच सांगायचं मी देणं लागतो: चूक माझ्या प्रोग्रॅमची होती, काकांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि त्या सकाळी मी ती पुसली. अजून सांगितलेलं नाही.