म्हशीने खाल्लेलं बी

आमच्या पोरीला शाळेत निबंध आला, 'भारताने जगाला काय दिले'. तिने शून्य लिहिलं, योग लिहिला, बुद्ध लिहिला आणि मामाजींच्या खाटेपाशी बसून वाचून दाखवला. मामाजी म्हणजे माझे सासरे. डोळ्यांनी आता दिसत नाही, पण कान तिखट. ऐकून चिडलेच. "अन् कापूस? जगाले अंगभर कपडा कोनं देल्ला? आपनच ना! लिव्ह ते!"

हा अभिमान नुसता तोंडाचा नव्हता. अख्ख्या शिवारात बीटी कपाशी आली, तरी बांधाच्या कडेला एक तास, म्हणजे एक ओळ, ते गावरानी कपाशीचंच धरायचे. बोंड एवढंसं, व्यापारी ढुंकून पाहत नाही. पण तिची सरकी काढून पुढच्या सालासाठी गाडग्यात ठेवायची, हे त्यांच्या बापापासून चालत आलेलं. यंदा खाटेवरून उठवेना म्हणून गाडगं माझ्या हाती दिलं. "पोरी, एवढं पेरजो. हे बी दुकानात नाई भेटत."

मी हो म्हटलं आणि गाडगं ठेवलं कुठं? गोठ्यात, म्हशीच्या ढेपेच्या पोत्याशेजारी! माझ्या अकलेला आग लागो. त्याच आठवड्यात म्हैस व्याली. नणंद मदतीला आली होती. आमच्याकडे घरातली सरकी म्हणजे जनावराचं खाणं, तिनं बिचारीनं ती भिजवली, ढेपेत कालवली आणि म्हशीपुढे ठेवली. मी गोठ्यात गेले तेव्हा म्हैस टोपलं चाटत होती.

"दुधाले चांगली असते ना वैनी," नणंद म्हणाली.

अवो माय! मी टोपल्यात हात घालून चाचपलं. दुसऱ्या दिवशी शेणसुद्धा चिवडलं. एक दाणा साबूत मिळेल तर शपथ.

मग तसलंच बी शोधत कळंब झालं, यवतमाळ झालं, एसटीनं वणीपर्यंत जाऊन आले. प्रत्येक दुकानात बीटीची रंगीत पाकिटं पुढे यायची. एक दुकानदार तर हसला, "बाई, ते बी तं कवाचंच गेलं. कायले पायजे आता?"

घरी येऊन ट्रंकेतली जुनी उशी फाडली. तिच्यात मामाजींनी स्वतः हातानं वेचलेला गावरानी कापूस भरला होता. कापूस पिंजून पिंजून चुकार राहिलेल्या अकरा सरक्या निघाल्या. देवापुढे ठेवून मग डब्यात पेरल्या. रोज पाणी दिलं, रोज डोळे लावून बसले. शेवटी राहवेना म्हणून उकरलं, तर सगळ्या आतून काळ्या.

इकडे मामाजींचं रोज एकच. "निंघालं का वं?"

"निंघालं मामाजी. दोन पानं आली." एकदा खोटं बोलले ते बोलत गेले. चार पानं झाली, पातीही धरली, म्हणजे कळ्याही आल्या. मग एका सकाळी म्हणाले, "एक पान आणून दे."

मी बीटीचं पान तोडून नेलं. दुसरं आणू कुठून? त्यांनी देठापासून टोकापर्यंत बोटं फिरवली. गावरानीचं पान खोल चिरलेलं असतं, हे बीटीचं रुंद. जन्मभर ज्यानं ते झाड सांभाळलं, त्याला डोळे कशाला लागतात? बोटं मध्येच थांबली.

"हो," ते म्हणाले, "आपलंच हाय." आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

त्या दिवसापासून त्यांनी कपाशीचं विचारलं नाही. मी मुद्दाम खाटेपाशी रेंगाळते. रागवा ना मामाजी. एक शिवी तरी हासडा. ते म्हणतात, "जेवली का पोरी?"