ठिपके आणि दोरे

खंडेनवमीला आमच्या घरात जे झालं त्याने माझं काळीज अजून थाऱ्यावर नाही. आज चार दिवस झाले...

श्रावणात मिलमधून आम्हा फिटरांपैकी निम्मे कमी केले, त्यात मी होतो. आमच्या पेठेतल्या डॉक्टरसाहेबांची जुनी मोटार दोन वर्षं कोंबड्यांना अंडी घालायला उपयोगी पडत होती. मी म्हटलं, मी घरी इंजिन खोलून बांधतो, मजुरी नको, चालली तर मंगळवेढ्याच्या रस्त्याला भाड्याने मीच चालवीन. ते म्हणाले, दसऱ्याला माझ्या दारात स्वतःच्या बळावर आली तर गाडी तुझ्या हाती, नाही तर मोडीत.

बैल जोडून ओढत आणली. अंगणात बाभळीच्या फांदीला साखळी टांगून इंजिन उतरवलं. महिनाभर जमेल तसं जमवत होतो... जुन्या बेअरिंगचा पांढरा धातू वितळवून पुन्हा ओतला, गॅस्केट पत्र्यातून कापलं, वाल्व्ह हाताने घासले.

इंजिनात पिस्टनला जोडलेले चार रॉड. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला अर्धगोल टोपी बोल्टने बसते, आणि ज्याची टोपी त्यालाच लागते. खोलताना मी सगळ्यांवर खडूने आकडे टाकले होते. दोन टोप्या रॉकेलच्या घमेल्यात पडल्या, पण मी पडलो डोळ्याचा पक्का... उचलल्या, अंदाजाने पुन्हा आकडे टाकले आणि मोकळा झालो. वरचं काळं ग्रीस खरवडायला कुणाला वेळ होता.

फक्त पिस्टनच्या रिंगा राहिल्या होत्या. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात माझा एक दोस्त आहे, त्याने जुन्या रिंगा घासून बेताच्या करून ठेवल्या होत्या. नवमीला पहाटेच्या गाडीने गेलो आणि दुपारी रिंगा खिशात घालून शीळ घालत घरी आलो.

दारातच थांबलो.

देवासमोर पाट मांडलेला. पाटावर माझे पाने, हातोडी, कानस... आणि त्यांच्यापुढे खोललेल्या इंजिनाचे सुटे भाग, धुऊन पुसून, हळदकुंकू लावून. रॉड चिंचेने घासल्यासारखे चकाकत होते, वर करडीच्या तेलाचा हात फिरवलेला. खडूचा आकडा एकावरही शिल्लक नव्हता.

महिनाभराची मेहनत, उद्याचा दसरा, डॉक्टरांचा शब्द... सगळं त्या चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेलं होतं.

बायकोला मी काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. लाज वाटते. सगळं ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "खंडेनवमीला हत्यारं धुतल्याबिगर कशी पुजायची? आन् आता हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्याच्याला उचला."

म्हणजे दिवसभर नुसतं बघत बसायचं. रागाच्या भरात मी एक रॉड हातात घेतला, तर त्याला बारीक लाल दोरा बांधलेला. शेजारच्या टोपीलाही लाल. दुसऱ्या जोडीला हिरवा, मग पिवळा, मग पांढरा...

आमची ही समोरच्या तेलुगू विणकरांच्या घरी धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरते. मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभे दोरे, संपला की त्याच्या टोकाला नव्या ताण्याचं टोक जोडायचं कामही करते. शेकडो दोरे, पण एकाचं टोक दुसऱ्याला गेलेलं चालत नाही.

"धुतल्यावर खडू जानार ते मला कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "म्हनून आदी दोरं बांदलं, मग धुतलं. त्यो पांडरा धातू मऊ हाय, त्याला निस्ता फडका लावला."

माझा जीव भांड्यात पडला. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तिसऱ्याच्या टोपीवर तुमी चवथ्याचा आकडा टाकलावता. ग्रीस निघाल्यावर खाली ठिपकं दिसलं, ती जुळंनात. मग मी तुमचं आकडं सोडलं आन् ठिपक्यावरनं पुन्यांदा दोरं बांदलं."

मी उजेडात नेऊन पाहिलं. रॉडवर तीन ठिपके, टोपीवर तीन. पुढच्या जोडीवर चार आणि चार. कारखान्यातच ठोकलेले... महिनाभर माझ्या हाताखाली होते, आणि मी त्यांच्यावर खडू फिरवत होतो.

तसंच बांधलं असतं तर इंजिन सुरू झालंही असतं. मग चार-सहा मैलांत बेअरिंग तापून वितळलं असतं आणि रॉड मोडून इंजिन फोडून बाहेर आला असता... मंगळवेढ्याच्या रस्त्यावर, आत माणसं बसलेली असताना.

दसऱ्याला उजाडताच कामाला लागलो. ही दोरा सोडून हातात देत होती, मी बसवत होतो. साखळीने इंजिन पुन्हा गाडीत उतरवलं आणि दिवस कलताना हँडल मारलं. सातव्या फेऱ्याला इंजिन खोकलं, आठव्याला धरलं. गाडी तशीच चालवत डॉक्टरांच्या दारात नेली. डॉक्टरसाहेब पायरीवर उभे राहून बराच वेळ आवाज ऐकत राहिले, मग गाडीला झेंडूचा हार घालून म्हणाले, "घेऊन जा."

एक सांगायचं राहिलं. नवमीला संध्याकाळी दिवा लावताना पाहिलं, पाटावर सगळी हत्यारं माझीच होती. तिचा कांड्या भरायचा रहाट कोपऱ्यात तसाच. लग्नाला आठ वर्षं झाली, दर नवमीला तो तिथेच असणार, मला एकदाही दिसला नाही.

उचलून पाटावर ठेवला. "त्ये काय हत्यार हाय व्हय?" ती म्हणाली. मी कुंकवाचं बोट लावलं, रिंगांचं माझ्या हाताला लागलेलं काळं ग्रीसही त्याला माखलं. ती ते पुसायला गेली, तर मी पुसू दिलं नाही.

आता मोटारींच्या अड्ड्यावर लोक विचारतात, इंजिन कुणी बांधलं? मी म्हणतो, आम्ही दोघांनी. लोकांना वाटतं मी थट्टा करतोय...