खिचडीवरची तेलाची धार

गेल्या मंगळवारी आमच्या घरात एका बर्गरवरून खटला उभा राहिला. आरोपी दोघं... माझे वडील नाना, वय वर्षं चौऱ्याहत्तर, आणि माझी कॉलेजात जाणारी लेक मुक्ता.

झालं असं की, नानांचा रिपोर्ट आला आणि कोलेस्टेरॉल मागच्यापेक्षा वाढलेलं निघालं. त्याच दिवशी त्यांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात बर्गरचा चुरगळलेला कागद. माझं डोकंच फिरलं.

मुक्ताने लगेच कबुली दिली. दर शनिवारी क्लास सुटला की आजोबा-नात देवपूरमधल्या कॉलेजजवळच्या दुकानात जातात म्हणे. "पण नाना अर्धाच खातात, उरलेला मलाच देतात," हे वर. मी म्हटलं, "मी इथे रोज घरचं सकस करून घालते आणि तुम्ही त्यावर पाणी ओता."

आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून नाना धुळ्याला माझ्याकडे असतात आणि मी त्यांना अगदी आईसारखंच करून घालते. तेच माझं समाधान आहे, खरं सांगायचं तर तेवढंच उरलंय.

दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरांकडे गेले. पुरावा म्हणून तो कागद पर्समध्ये घेतला होता... आता हसू येतं.

डॉक्टरांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "घरी काय खातात?" एवढंच विचारलं. मी कौतुकाने सुरू झाले... शेवभाजी, तर्री वर आलेली. भरीत-पुरी. डाळीचे वाफवलेले फुनके, वर तेल, सोबत कढी. रात्री खिचडी, त्यावर घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल, सोबत तळलेला पापड आणि लोणचं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तेलाचा डबा किती दिवस पुरतो?" मी म्हटलं, पंधरा किलोचा, दोन महिने. "माणसं किती?" ... तीन. सांगतानाच हिशेब माझ्या लक्षात आला.

ते शांतपणे म्हणाले, "बर्गर चांगला असं मी म्हणत नाही, ताई. पण तो आठवड्यातून एकदा, तोही अर्धा. हे रोजचं आहे. नाना शेतात राबायचे तेव्हा चालून गेलं, आता ते दिवसभर खुर्चीत असतात."

मला राग आला. त्यांच्यावर नाही... म्हणजे त्यांच्यावरच, पण वाटलं की हा माणूस माझ्या आईच्या हाताला नावं ठेवतोय. रिक्षात बसून डोळे पुसले.

दोंडाईच्याजवळ आमचं गाव. रात्री सगळे जेवायला बसले की आई खिचडी वाढायची आणि आम्ही भावंडं मधोमध बोटाने आळं करायचो. मग ती तेलाची पितळी बुधली घेऊन यायची. जेवणारा 'बस' म्हणेपर्यंत धार थांबवायची नाही, हा तिचा नियम.

आम्ही पोरं लगेच 'बस' म्हणायचो. नाना कधीच म्हणायचे नाहीत. आई वाट बघायची, ओतत राहायची, शेवटी "पुरे आता" म्हणून स्वतःच हसत थांबायची. आजही घाण्याच्या तेलाचा वास आला की मला ते हसू ऐकू येतं.

त्या रात्री मी खिचडीच केली. डॉक्टर काय म्हणाले ते नानांना सांगितलं नाही, धीरच झाला नाही. आईची तीच बुधली घेतली आणि त्यांच्या ताटाशी उभी राहिले... धार सुरू केली.

नानांनी ताटावर हात आडवा धरला. तेल त्यांच्या हातावर पडलं. "बस, बेटा," म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, आईला तर तुम्ही कधी बस म्हणाला नाहीत."

हात पुसत ते म्हणाले, "तुन्ही माय दिनभर चुल्हापुढे. मन्हाजोडे कवय उभी राहे? तेल वाढाले ये, तितलाच येळ. मंग मी कसाले बस म्हणू?"

मग म्हणाले, "तेल ते माले तवयबी जास्तच व्हये."

तेल त्यांना तेव्हाही जास्तच व्हायचं, पण आई त्यांच्याजवळ उभी राहायची ती त्या धारेपुरतीच. मी बुधली खाली ठेवली आणि तिथेच बसले. दोन वर्षं मी आईची धार नेमकी तेवढीच ठेवली होती, पण ओतून झालं की लगेच ओट्याकडे वळत होते. आणि नानांना दर शनिवारी बर्गरच्या दुकानात काय मिळत होतं, तेही मग कळलं. समोर बसलेली नात, अर्धा तास.

आता खिचडीवर एक चमचा तेल असतं, पापड भाजलेला असतो. आईला हे आवडलं असतं की नाही, माहीत नाही... थोडी रुसलीच असती. पण मी माझं ताट नानांच्या शेजारी मांडते आणि त्यांचं जेवण होईपर्यंत उठत नाही.