थाळीवाल्यांचे कान

त्यांना सगळे थाळीवालेच म्हणायचे. फौजेच्या जुन्या विमानांच्या पाठीवर भलीमोठी गोल थाळी असते ना, आभाळात गरगर फिरते आणि लांबलांबची विमानं हेरते, तिच्या आतलं रडार दुरुस्त करायचं हे यांचं काम. मिसरूड फुटलं तेव्हापासून केस पिकले तरी तेच.

विमानंही पार म्हातारी झाली होती. एखादा भाग मोडला की नवा मिळायचा नाही, मग याची टोपी त्याच्या डोक्यावर. शेवटी सरकारनं नवी विमानं घ्यायचं ठरवलं. त्यांना फिरती थाळीच नाही, पाठीवर नुसती लांबट पेटी. जुन्या लोकांना शिकवायला घेतलं. शिकेल तो राहील, बाकीचे घरी. थाळीवाल्यांच्या लेकीचं कॉलेज अजून चालू, म्हणजे नोकरी हवीच.

पण मेख अशी, की इंजिनांच्या घरघरीनं यांचे कान गेले होते. कुणाला पत्ता नाही. शेडमध्ये सगळेच कानाला गच्च टोपणं लावून, बोलणं सगळं हातांनी. अंगठा वर म्हणजे चालू कर, मूठ वर म्हणजे थांब. तिथे बहिरा कोण आणि धड कोण, कळायचं कसं? कानाची तपासणीही व्हायची म्हणा, आवाज ऐकू आला की हात वर करायचा. डॉक्टरचं बोट बटणावर गेलं की यांचा हात वर.

बायकोला तेवढं ठाऊक होतं. साहेबांना सांगून टाका म्हणून ती किती मागे लागली. हे म्हणायचे, सांगितलं की त्याच दिवशी घरी.

शिकवणीची खोली शांत, सगळे हळू बोलणारे. मास्तर पडद्याकडे तोंड करून शिकवायचा, ओठ दिसायचेच नाहीत. हे शेजाऱ्याचं बघून मान डोलवायचे.

एक दिवस प्रत्यक्ष पेटीवर काम होतं. थाळीवाले पेटीत वीज सोडायच्या बटणापाशी. मागून मास्तर म्हणाला, थांबा, आत माणूस आहे. यांचं बोट निघालंच होतं. समोर जुने सोबती उभे होते, त्यांच्या मुठी सवयीनं वर गेल्या, म्हणून बोट थबकलं. आतला माणूस तारा हातात धरून बाहेर आला, त्याला काहीच माहीत नाही.

थाळीवाले त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी उठून साहेबांपुढे उभे राहिले.

"साहेब, मला ऐकू येत नाही. काल माझ्या हातून माणूस गेला असता."

"आणि तपासण्या?"

"डॉक्टरचं बोट बघायचो."

साहेब जाम भडकले. नीट तपासणी करवली, नाव शिकवणीतून काढलं. पण जुन्या थाळीचा दुसरा जाणकार कुठून आणणार? बटणापाशी उभं राहायचं नाही या अटीवर, शेवटचं जुनं विमान उडतंय तोवर ठेवलं. पुढे घरीच.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती पाठ न फिरवता, समोर बसून म्हणाली, मग आता?

"आता कानाचं मशीन घेऊ. घरात काय बोलणं चालतं ते तरी कळेल."

"अहो, निम्मं तुमच्याबद्दलच असतं."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते शेडवर गेले. एका विमानाची थाळी फिरताना अडकत होती.