तीनशे लिटर समुद्र

माझा धाकटा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं तेव्हा त्याने फ्लॅट भाड्याने दिला, गाडी मित्राला दिली आणि समुद्र मला दिला. समुद्र तीनशे लिटरचा होता. एका रविवारी तो टेम्पोतून जुन्नरला आला. काचेची टाकी गोधड्यांत गुंडाळलेली, खारं पाणी निळ्या कॅनमध्ये, मासे हवा भरलेल्या पिशव्यांत आणि प्रवाळ थर्माकोलच्या खोक्यांत. प्रवाळांच्या आयातीची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावलेली होती. आमच्या शेताचे कागद इतके नीट कधीच नव्हते.

"ताई, तुझं केमिस्ट्रीच आहे," भाऊ म्हणाला. "यात मासे सांभाळायचे नसतात. पाणी सांभाळायचं. मग मासे राहतात."

मी इथल्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पंचवीस वर्षं शिकवते आहे, पण त्याचा घरात कुणाला उपयोग होईल असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे मी हो म्हणाले.

नवरा घोडेगावला सरकारी कचेरीत कारकून आहे. सकाळच्या एसटीने जातो, संध्याकाळच्या एसटीने येतो. टाकी बघून तो म्हणाला, "लाईटबिल?" आणि उत्तर न ऐकता जेवायला बसला. घरातली तिसरी व्यक्ती म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. त्यांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं. गुडघे गेल्यावर त्यांनी कळप विकला आणि तेव्हापासून ते ओट्यावर बसून रस्ता बघत. बोलणं फार कमी झालं होतं. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की रिपोर्ट नॉर्मल आहेत.

टाकी आली त्या दिवशी मामांनी ओट्यावरची खुर्ची आत आणली आणि टाकीसमोर ठेवली. दोन नारंगी पट्ट्यांचे मासे, एक पिवळा मासा, एक लाल-पांढरी कोळंबी. हे चार जीव ते सकाळी मोजत आणि संध्याकाळी मोजत. मोजायला वेळ लागायचं कारण नव्हतं, पण ते दोनदा मोजत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अकरा प्रवाळही मोजणीत धरले.

"हे दगडं न्हाईत," ते मला म्हणाले. "हे बी जित्राबच हाय. सकाळी तोंड उघडतंय, दुपारी चरतंय."

हे बरोबर होतं. मला ते पुस्तकात सापडायला आठवडा लागला.

आमच्या बोअरचं पाणी कुकरच्या आत पांढरा थर धरतं, आणि आजूबाजूच्या कांद्या-द्राक्षांना घातलेलं खत थोडंफार त्यात उतरतं. ते टाकीला चालत नाही. म्हणून आधी फिल्टर मशिनने पाण्यातलं सगळं काढून टाकायचं आणि मग पाकिटातलं समुद्री मीठ मोजून घालायचं. म्हणजे जुन्नरचं पाणी आधी जुन्नरचं राहू द्यायचं नाही, मग त्याला समुद्राचं करायचं. उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोज भर घालायची ती फिल्टरच्या गोड्या पाण्याची.

दर दोन दिवसांनी मी अल्कलिनिटी मोजत असे. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातूनच बांधतात. त्यासाठी ते पाण्यातला चुन्याचा अंश ओढून घेतात, आणि तो किती उरला हे या आकड्यावरून कळतं. लहान बाटलीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचा थेंब टाकला की ते निळं होतं. मग एकेक थेंब टाकत जायचं. निळ्याचं पिवळं व्हायला जितके थेंब लागतील तितका आकडा. आठ चांगले. कॉलेजात हेच काम मी बारावीच्या मुलांकडून करून घेते आणि त्यातला निम्मा वर्ग शेवटचा थेंब जास्त टाकतो.

तिसऱ्या महिन्यात आकडा सातवर आला. मग सहावर. तो अंश भरून काढायला भावाने दिलेल्या औषधाच्या बाटल्या संपल्या होत्या आणि मागवलेल्या कुठल्यातरी गोदामात अडकल्या होत्या. मामा आधीच म्हणाले होते, "त्या कोपऱ्यातलं चरत न्हाई नीट." मी म्हटलं होतं, "बघू मामा, आज टेस्ट करते." टेस्टने त्यांचंच म्हणणं सांगितलं.

संपलेल्या औषधाऐवजी काय चालेल म्हणून मी वाचत बसले. परदेशातले लोक एक पांढरी भुकटी पाण्यात मिसळून, गाळ खाली बसू देऊन, वरचं स्वच्छ पाणी थेंबाथेंबाने टाकीत सोडतात. भुकटीचं नाव वाचलं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड. म्हणजे चुना. ही चुन्याची निवळी होती. दर वर्षी मी ती करते आणि पोरांना नळीने त्यात फुंकायला लावते.

मी मामांना सांगितलं. त्यांनी खिशातून तंबाखूची चंची काढली, चुन्याची डबी उघडून माझ्यापुढे धरली.

"ह्यो?"

"हाच, पण खायचा नको. त्यात आणखी काही मिसळलेलं असेल तर? कळीचा आणू."

"मग त्या बाटलीवर येवढं इंग्रजी कशापायी लिवलं व्हतं?"

मी बाजाराची पिशवी घेतली.

बाजारातून कळीचा चुना आणला, विरवला, निवळी केली. ती थेंबाथेंबाने सोडायला मेडिकलमधून सलाइनची नळी घेतली. दुकानदार आम्हाला ओळखतो. त्याने काळजीने विचारलं, "मॅडम, घरी कोण सिरियस आहे?" मी म्हटलं, "प्रवाळ." तो म्हणाला, "अरेरे," आणि नळी पिशवीत घालून दिली. दोन दिवसांनी त्याची बायको आमच्याकडे विचारपूस करायला आली. मी तिला टाकी दाखवली. तिने सोबत आणलेली केळी टाकीजवळ ठेवली.

नळीचं काम मामांनी घेतलं. दोन सेकंदांना एक थेंब. घड्याळ न बघता ते नळीचं चाक असं लावत की मला दुरुस्त करावं लागत नसे. पंधरा दिवसांत आकडा आठवर आला, आणि कोपऱ्यातलं चरायला लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात मला निवडणुकीची ड्यूटी लागली. केंद्र तळेघरच्या वर, डोंगरातल्या एका शाळेत. आदल्या दिवशी सकाळी घोडेगावला जाऊन मशीन आणि कागद ताब्यात घ्यायचे, बसने वर जायचं, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी मतदान उरकून परत यायचं. नवऱ्याचीही ड्यूटी होतीच, घोडेगावच्या कचेरीत. घरी मामा एकटे. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. गोडं पाणी किती, खाणं किती, निवळी किती.

घोडेगावला रांगेत उभी होते तेव्हा त्यांचा फोन आला.

"डीपी जळाला," ते म्हणाले. "मोठा आवाज झाला. समद्या आळीची लाईट गेली."

आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात, आणि तो जळाला की दोन दिवस धरून चालतात. इन्व्हर्टरवर टाकीचा पंप जेमतेम चार तास चालला असता.

"मामा, नीट ऐका. पंप बंद पडला की पाण्यातली हवा संपते. मग तांब्याने टाकीतलंच पाणी घ्यायचं आणि वरून टाकीतच ओतायचं. हवा मिसळली पाहिजे."

"किती येळ?"

"लाईट येईपर्यंत."

"बरं," ते म्हणाले.

"आणि पाणी कमी झालं तर साधं पाणी घाला."

बस निघाली. तळेघरच्या पुढे रेंज गेली, आणि दीड दिवस ती आली नाही. माझी खोली पहिलीच्या वर्गाची होती. भिंतीवर माशाचं चित्र होतं, खाली लिहिलं होतं 'मासा'. बस वळणावर असतानाच मला आठवलं होतं की निवळीची नळी बंद करायला सांगायचं राहिलं. फिरत्या पाण्यात चुना विरघळून सगळीकडे जातो. साचलेल्या पाण्यात तो पडेल तिथेच साचतो आणि तिथलं सगळं भाजतं. ही गोष्ट घरात फक्त मला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी लोक उन्हातून चालत येऊन मत देत होते. मी बोटांना शाई लावत होते. प्रत्येक बोटावर थेंब टेकवताना मला तो नळीतून पडताना दिसत होता. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी लई हळू लावता, पण चांगलं लावता." मी आभार मानले.

मशीन जमा करून घोडेगावातच मुक्काम केला. मामांचा फोन बंद लागत होता. लाईट नसल्यावर तो चार्ज कुठून होणार, हे कळत होतं, तरी मी लावत राहिले. सकाळच्या पहिल्या एसटीने जुन्नरला पोचले.

दारात सात-आठ जोड्या चपला होत्या. आमच्याकडे इतक्या चपला कुणी गेल्यावरच असतात. मी दारातच थांबले. मग आतून पाणी ओतल्याचा आवाज आला.

टाकीला चारही बाजूंनी ओली गोणपाटं गुंडाळलेली होती. शेजारची बाई स्टुलावर उभी राहून तांब्याने पाणी ओतत होती. भिंतीशी तिचा नवरा, मेडिकलवाला आणि आळीतले आणखी चारपाच जण बसले होते. मामा खुर्चीत होते. डोळे लाल झालेले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"पाळ्या लावल्यात," ते म्हणाले. "विहिरीवर लावतो तशा."

आळीत मामांना सगळे तात्या म्हणतात. शेजारच्याने मध्येच सांगितलं, "मी म्हनलं व्हतं, फवारणीचा बॅटरी पंप आणतो, त्येनं हवा मारू. तर तात्या म्हनले, त्याला औषधाचा वास हाय. दारातनंच परत पाठवलं मला."

मी नळीकडे बघितलं. चाक बंद होतं.

"मामा, ही कधी बंद केली?"

"पंप थांबला तवाच. त्येंनी समद्यांनी तोंडं मिटली. ज्यानं तोंड मिटलंय त्याला चारायचं कशाला?"

मी चाक चाचपून बघितलं, घट्ट बंद होतं.

"एक गेलं," ते जरा वेळाने म्हणाले. "पिवळं. काल दुपारी. मी ओतत व्हतो तरी गेलं." कढीपत्त्याच्या झाडाखाली त्यांनी त्याला पुरलं होतं. काल दुपारपासून ते जेवले नव्हते, असं शेजारणीने सांगितलं. "आन् फिल्टरचं पाणी संपलं," मामा पुढे म्हणाले, "मग तू म्हनलीस तसं साधं पाणी घातलं. बोअरचं. दोन कळशा."

मी साधं म्हणाले होते. माझ्या डोक्यात साधं म्हणजे मीठ नसलेलं. त्यांच्यासाठी साधं म्हणजे बोअरचं. वर्गात मी मुलांना सांगते, शब्द नेमका वापरा, मार्क जातात.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"चुकीचं ऱ्हाऊ दे. आधी बग, आता काय करायचं."

मी बाटली घेतली आणि थेंब टाकायला सुरुवात केली. सगळे उठून जवळ आले. मामा मोठ्याने मोजत होते. सहाला पाणी पिवळं झालं. मेडिकलवाल्याने विचारलं, "पास का?" मी म्हटलं, "काठावर."

लाईट दुपारी आली. पंप सुरू झाल्यावर आळीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापला फ्रीज बघायला घरी गेले. मामांनी भाकरी खाल्ली आणि खुर्चीतच झोपले. पुढच्या महिन्यात बोअरच्या खताने काचेवर हिरवं शेवाळ आलं, ते मी खरवडत राहिले. तीन प्रवाळ पांढरे पडून गेले. आठ राहिले. मामा आता दहापर्यंत आणि एक कोळंबी असं मोजतात.

दोन वर्षं झाली. भाऊ तिकडेच राहणार असं ठरलं. फोनवर म्हणाला, "ताई, तुला त्रास नको. पुण्यातला एक ओळखीचा मुलगा टाकी घ्यायला तयार आहे. तो येऊन बघून जाईल."

मुलगा आला. सभ्य होता. त्याने टाकी बघितली, माझ्या वहीतले आकडे बघितले, म्हणाला, "काकू, फारच स्टेबल ठेवलंय तुम्ही." मला बरं वाटलं. इतकी वर्षं शिकवून मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मामा खुर्चीतून म्हणाले, "पावणं, दिवसा घरी कोण असतं?"

"कोणी नाही काका. आम्ही दोघंही नोकरीला. पण सगळं ॲपवर आहे. लाईट, पंप, औषधाचं डोसिंग. मोबाईलवर कळतं."

"मोबाईलवर काय कळतं?"

"सगळे आकडे."

"आन् तोंड मिटलेलं?"

मुलाला प्रश्न कळला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला आत गेले. आत मला मामांचा आवाज ऐकू येत होता. ते त्याला एकेक प्रवाळ दाखवत होते, कुठलं उशिरा उठतं, कुठलं शेजारच्याला डिवचतं, म्हणून त्यांच्यात वीतभर अंतर ठेवायचं. मुलगा खाली बसून ऐकत होता. त्याने दोनदा मोबाईल काढला आणि दोन्ही वेळा फोटो न काढता ठेवून दिला.

चहा झाल्यावर मामा म्हणाले, "पावणं, न्हाई द्यायचं. राग मानू नका."

तो म्हणाला, "नाही काका," आणि त्याने बूट घातले. मी वाढलेल्या प्रवाळाचा एक तुकडा कापून, पिशवीत पाणी आणि हवा भरून, फाइलमधल्या कागदाच्या झेरॉक्ससह त्याच्या हातात दिला. मामांनी गाडीपर्यंत जाऊन त्याला पिशवी उन्हात ठेवू नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "काय झालं ताई? आवडली नाही का त्याला?"

"आवडली," मी म्हटलं. "पण त्याच्याकडे दिवसा कुणी नसतं."