घासलेला कुकर

त्या वकिलांच्या ऑफिसात मावशींचा भलता दरारा होता. भल्याभल्यांना कोर्टात घाम फोडणाऱ्या वकीलबाईसुद्धा टेबलावर बशीशिवाय कप ठेवायला बिचकत. मावशी झाडलोट करायच्या, चहा करायच्या आणि हाताला लागेल ते घासून लख्ख करायच्या. तरुण मंडळी पाठीमागे त्यांना 'चकचक मावशी' म्हणायची. मावशींना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

सदोष माल गळ्यात मारणाऱ्या कंपन्यांशी हे ऑफिस भांडायचं, तेही जखमी झालेल्यांकडून काही न घेता. मागच्या खोलीतल्या कपाटात पुरावे असायचे: मोडलेली शिडी, जळालेली इस्त्री, चाक निखळलेली बाबागाडी. त्यांना फडकं लावायचं नाही, अशी वकीलबाईंची सक्त ताकीद होती. मावशींचे हात शिवशिवायचे, पण ताकीद त्यांनी कधी मोडली नाही.

मग एके दिवशी वकीलबाई कोर्टात असताना एक बाई कुकर घेऊन आली. त्याचं झाकण उडून तिच्या लहानग्या मुलीचा गाल पोळला होता. सासू म्हणते, तूच झाकणाचं वाफ जायचं भोक साफ केलं नसशील. नवराही आता तेच म्हणायला लागलाय, एवढं खालमानेनं सांगून तिने कुकर मावशींच्या हाती दिला आणि मुलीपाशी दवाखान्यात निघून गेली. कुकर करपलेला, आत वाळलेलं अन्न चिकटलेलं. उद्या चार माणसं हा बघतील आणि बिचारीला नावं ठेवतील, असं मावशींच्या मनात आलं. शिडी हा पुरावा होता, इस्त्री हा पुरावा होता. कुकर त्यांना पुरावा वाटलाच नाही, भांडं वाटलं. त्यांनी तो घासला, झाकण घासलं, सवयीने झाकणाच्या भोकातून सुई फिरवली आणि मग तो कपाटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडल्यावर वकीलबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भोक मोकळं होतं असं दिसलं असतं तर दोष कंपनीचा, तुंबलेलं असतं तर बाईचा. आता ते कुणालाच कळणार नाही, हे त्यांनी हळू आवाजात समजावलं. त्यानंतर मावशींना घास गोड लागेना. स्वतःच्याच घरातली चकचकीत भांडी त्यांनी नजरेआड, फळीवर मागे सारली.

कंपनीच्या वकिलाने ग्राहक न्यायालयात कांगावा केला की, आपला निष्काळजीपणा लपवायला बाईनेच कुकर घासून आणला. तेव्हा मावशी साक्षीला उभ्या राहिल्या. घासला तो मी, त्या बाईचा काही संबंध नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. वकिलाने ते ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे विचारलं,

"सुई फिरवली तेव्हा भोकात काही अडकलं होतं का?"

'नाही' एवढाच शब्द पुरला असता. समोर ती बाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मावशींनी डोकं ताणताणून आठवलं. पण उभ्या आयुष्यात ती सुई त्यांनी इतक्यांदा फिरवली होती की त्या दिवशीची अशी वेगळी उरलीच नव्हती. आणि शपथ तर घेतलेली.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर वकीलबाई कागद आवरायला लागल्या. आता दावा टिकणं कठीण होतं. मावशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तेवढ्यात ती बाई मुलीला कडेवर घेऊन त्यांच्यापाशी आली.

"निकालाचं जाऊ द्या, मावशी. माझ्यापुरतं सांगा. भोक मोकळं होतं का?"

मावशींना मुलीच्या गालाकडे बघवेना. केस तर आपण घालवलीच, निदान हिच्या जिवाची घालमेल तरी थांबावी, असं त्यांना वाटलं.

"मोकळं होतं गं. अगदी मोकळं."

बाईने डोळे मिटून सुस्कारा सोडला. मग मुलीला दुसऱ्या कडेवर घेता घेता ती थबकली आणि मावशींकडे बघत राहिली.

"मग आत का नाही सांगितलंत?"