सौरबागेतला शेवटचा वाटा

भाड्याच्या घराला सौर पॅनेल बसवायला स्वतःचं छप्पर कुठलं? म्हणून आर्लिसबाई चर्चच्या तळघरात सौरबागेचा वाटा घ्यायला आल्या होत्या. गावाबाहेरच्या त्या सामायिक सौर पॅनेलांच्या बागेतल्या विजेमुळे घरचं बिल कमी होणार होतं. वाटा एकच उरला होता.

"आजी, तुम्हाला देऊ?" टेक्सासहून आलेल्या नोंदणीवाल्या पोरीनं विचारलं.

"नको गं, दुसऱ्या कुणाला दे." मिनेसोटात तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुणी कॉफीलासुद्धा हो म्हणत नाही.

"खरंच नको?"

"राहू दे." पर्समधल्या सही केलेल्या अर्जावर त्यांची बोटं घट्ट झाली. आता अजून एकदाच विचार, बये.

पोरीनं मागच्या माणसाला विचारलं. तो शिकागोचा; लगेच हो म्हणाला.

"आजी, कॉफी तरी घ्या."

"नको."

हा नकार मात्र खरा होता.